सायकेडेलिक्स, व्यसन आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या कामात दारू-तंबाखूचे प्रश्न आता तोंडपाठ झालेत. एलएसडी आणि 'मॅजिक मश्रूम'चे प्रश्न मात्र अगदी दोन टोकांचे येतात. एक जण विचारतो, "यानं दारू सुटते म्हणे, मग घ्यायला काय हरकत आहे?" दुसरी आई घाबरून विचारते, "मुलाच्या पाकिटात स्टॅम्प (एलएसडीचा कागद) सापडला. गेला का तो कामातून?" दोघांच्या हातात मोजपट्टी एकच: व्यसन लागतं की नाही. या पदार्थांना ती पट्टी पुरत नाही, एवढंच खालच्या उत्तरांमधून सांगायचं आहे.

सायकेडेलिक म्हणजे नेमके कोणते पदार्थ?

जाणिवा पालटणारे, भास घडवणारे पदार्थ: एलएसडी (बोलीत ॲसिड, स्टॅम्प, पेपर), काही जंगली अळंब्यांमधलं सायलोसायबिन, पेयोटे निवडुंगातलं मेस्कलिन आणि आयावास्का या काढ्यातलं डीएमटी. यांना 'क्लासिक' सायकेडेलिक म्हणतात, कारण हे सगळे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एकाच प्रकारच्या ग्राहीवर, '५-एचटी२ए'वर, काम करतात. अंमल किती वेळ टिकतो यात मोठा फरक आहे. सायलोसायबिन चार ते सहा तास, एलएसडी आठ ते बारा तास, तर ओढून घेतलेलं डीएमटी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.

एलएसडीचं माप मिलिग्रॅममध्येही नाही, मायक्रोग्रॅममध्ये असतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ साली बनवलं आणि बाजूला ठेवून दिलं. पाच वर्षांनी, १९ एप्रिल १९४३ रोजी, त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. फारच थोडं घेऊ म्हणून २५० मायक्रोग्रॅम घेतलं. ते थोडं नव्हतं. मदतनिसाला सोबत घेऊन ते सायकलवरून घरी निघाले. आपण जागचे हलतच नाही असं त्यांना सारखं वाटत होतं, आणि सायकल तर चांगली वेगात चालली होती. घरी डॉक्टर आले, तपासलं, तर विस्फारलेल्या बाहुल्यांपलीकडे शरीरात काही सापडेना. शरीर ठाकठीक आणि माणूस मात्र आपण मरतोय या खात्रीनं अंथरुणावर पडलेला, हे चित्र लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.

यांचं व्यसन लागतं का?

दारू, निकोटिन, हेरॉइन यांचं लागतं तसं सहसा लागत नाही.

यामागे कारणं आहेत. व्यसन लावणारे बहुतेक पदार्थ मेंदूतल्या डोपामिनच्या बक्षीस-यंत्रणेला थेट ढोसतात. पिंजऱ्यातल्या माकडाला खटका दाबला की कोकेन मिळतं असं एकदा कळलं, की ते खटका दाबतच राहतं. एलएसडीसाठी प्राणी असा खटका दाबत बसत नाहीत. दुसरं कारण शरीराच्या सवयीचं. आज घेतलं आणि उद्या तेवढंच घेतलं तर परिणाम अर्ध्यावर येतो, लागोपाठ तीन-चार दिवस घेतलं तर जवळजवळ काहीच होत नाही. एलएसडीची सवय झालेल्या शरीरावर मश्रूमचाही असर कमी होतो. रोज घ्यायच्या सवयीच्या मुळावरच हे येतं. आणि सोडल्यावर अंग थरथरणं, घाम, उलट्या असा दारू सोडणाऱ्याला होतो तसा शारीरिक त्रास होत नाही.

तरीही 'व्यसन शक्यच नाही' असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मानसिक आजारांच्या 'डीएसएम-५' या वर्गीकरणात अशा पदार्थांच्या घातक वापराला स्वतंत्र निदान आहे. प्रत्यक्षात अशी माणसं भेटतात ती महिन्यातून दोनदा 'ट्रिप' करणारी, प्रत्येक ट्रिपनंतर आयुष्यात काहीतरी मोठं बदललंय असं सांगणारी, आणि चालू नोकरीतला एक फोनही न उचलणारी. तलफ म्हणावी तशी तलफ नसते त्यात. पळवाट मात्र असते. शिवाय निव्वळ एलएसडीच घेणारा माणूस विरळा. बरोबर गांजा असतो, दारू असते, गोळ्या असतात, आणि व्यसन त्यातल्याच कशाचं तरी लागलेलं असतं.

केटामिन आणि एमडीएमए यांचंही तसंच का?

नाही. आणि हा घोळ आम्हाला फार ऐकायला मिळतो. केटामिन हे भूल देण्याचं औषध. त्याची यंत्रणाच वेगळी आणि त्याचं व्यसन लागतं. वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाचं कायमचं नुकसान होतं. तरुण वयात दर अर्ध्या तासानं, कळा सोसत लघवीला पळणारी माणसं यातून तयार होतात. एमडीएमए (एक्स्टसी) उत्तेजकांच्या जवळचं आहे. गर्दीत, उकाड्यात नाचताना अंगाचं तापमान धोकादायक चढतं, आणि त्यावर पाणी अतोनात प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून वेगळंच संकट येतं. बातम्यांमध्ये सगळ्यांना मिळून 'सायकेडेलिक' म्हणतात म्हणून एकाचं सर्टिफिकेट दुसऱ्याला लावू नये.

दारूपेक्षा एलएसडी कमी घातक, हे खरं आहे का?

हा दावा बहुधा २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासातून येतो. डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी वीस पदार्थांना घातकपणाचे शंभरपैकी गुण दिले. दारूला ७२, हेरॉइनला ५५, एलएसडीला ७.

आकडे खरे आहेत, पण काय मोजलं ते बघा. ते गुण तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले, आणि घेणाऱ्याबरोबर घरच्यांना, समाजाला, खर्चाला बसणारा फटकाही त्यात धरला. दारू कोट्यवधी लोक पितात. अपघात, मारहाण, यकृताचे आजार सगळं तिच्या खात्यावर जमा होतं. थोडे लोक, अधूनमधून घेतात अशा पदार्थाचा आकडा त्यामुळे लहानच येणार. एकट्या माणसाला आज रात्री काय होईल, याचं उत्तर त्या तक्त्यात नाही. आणि 'थोडे लोक' हेही बदलतंय. अमेरिकेत १९ ते ३० वयोगटातल्या भासजनक पदार्थ वर्षभरात घेतलेल्यांचं प्रमाण २०११ साली ३ टक्के होतं, २०२१ साली ८ टक्के झालं.

दारू सोडवायला एलएसडी, ही कल्पना आली कुठून?

ती जुनी आहे. १९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि एब्रम हॉफर हे मानसोपचारतज्ज्ञ दारूड्यांवर एलएसडी वापरत होते. 'सायकेडेलिक' हा शब्दही ऑस्मंड यांचाच. सुरुवातीचा तर्क मजेशीर होता: दारू अचानक तुटल्यावर येणाऱ्या 'डेलिरियम'च्या (भान हरपून भास होण्याच्या) भयानक अनुभवानंतर काही जण कायमचे सुधारतात, मग तसाच अनुभव औषधानं देऊन पाहू. रुग्णांकडून मात्र भलतंच ऐकू आलं. घाबरून सोडली असं कुणी फारसं म्हणेना. स्वतःकडे पहिल्यांदाच नीट बघता आलं, असं ते सांगत. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चे एक संस्थापक बिल विल्सन यांनीही त्याच दशकात एलएसडी घेऊन पाहिलं होतं. त्यांच्या संघटनेतल्या अनेकांना ते मुळीच रुचलं नाही.

पुढे हे संशोधन थंडावलं. २०१२ साली नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी त्या काळातल्या सहा नियंत्रित चाचण्या, एकूण ५३६ रुग्ण, एकत्र मोजल्या. एलएसडी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी ३८ टक्के. वर्षाच्या सुमारास मात्र फरक विरत गेला होता.

अलीकडची महत्त्वाची चाचणी २०२२ सालची, सायलोसायबिनची. ९३ माणसं, बारा आठवडे. पहिला महिना नुसत्या बोलण्याचा: का पिता, केव्हा पिता, काय हवंय. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात औषधाचा एकेक दिवस. तो दिवस असा: दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली, कोच, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, आणि बाजूला दोन प्रशिक्षित उपचारक, दिवसभर. ते सल्ले देत नाहीत. कुणी रडलं तर रडू देतात, हात मागितला तर हात देतात, मधूनमधून रक्तदाब मोजतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलणं. पहिल्या मात्रेनंतरच्या ३२ आठवड्यांत सायलोसायबिन गटात बेसुमार पिण्याचे दिवस सरासरी ९.७ टक्के राहिले, तुलनेच्या गटात २३.६ टक्के.

यात दोन अडचणी आहेत. एक, तुलनेच्या गटाला ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी दिली होती, आणि ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्याला काय मिळालं ते बरोबर ओळखलं. अपेक्षेचा परिणाम आणि औषधाचा परिणाम मग वेगळा काढायचा कसा? या सगळ्या क्षेत्राचं हे जुनं दुखणं आहे. दोन, तुलनेच्या गटातली माणसंही आधीपेक्षा कमीच पीत होती. म्हणजे त्या बोलण्याचं वजन दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

सिगारेटचं काय?

२०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १५ जणांवर प्रयोग झाला. सहा महिन्यांनी १२ जण सिगारेटमुक्त होते. आकडा भारी आहे, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता आणि समुपदेशनही भरपूर होतं. उत्सुकता वाटावी एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग तेवढंच औषध मी घरी घेतलं तर?

चाचणीतलं यश हवं आणि चाचणीतली चाळणी नको, असा हा प्रश्न आहे. त्या चाळणीत स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असणारे आधीच वगळतात. हृदयाचे रुग्ण वगळतात. औषध शुद्ध, मात्रा मोजलेली. घरी यातलं काहीही नसतं. दारू सोडायची असेल तर आज उपलब्ध असलेली औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे. बातम्यांत ती झळकत नाहीत, पण त्यांचे फायदे-तोटे माहीत आहेत आणि डॉक्टर ती लिहून देऊ शकतात. एक गोष्ट ठळक सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्यानं कुठल्याही ट्रिपच्या भरवशावर दारू एका झटक्यात तोडू नये. दारू तुटल्यावरचे झटके आणि डेलिरियम जिवावर बेततात. एलएसडी त्यापासून वाचवत नाही.

आयबोगेननं हेरॉइन एका फेरीत सुटतं असं ऐकलं.

आयबोगेन मध्य आफ्रिकेतल्या इबोगा झुडपाच्या मुळाच्या सालीतून येतं. गॅबनमधल्या ब्विटी परंपरेत ते विधीत वापरतात. १९६२ साली हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकन तरुणानं ते मौजेखातर घेतलं आणि हेरॉइनची तलफ गायब झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं. तिथून ही कथा पसरली. अफूजन्य पदार्थ सोडतानाचा त्रास त्यानं कमी होतो असं बऱ्याच जणांनी सांगितलंय.

पण हा पदार्थ वर सांगितलेल्या क्लासिक गटात बसत नाही. तो हृदयाच्या विद्युत-तालाशी खेळतो, ईसीजीमधला 'क्यूटी' काळ लांबवतो, आणि त्यातून ताल बिघडून माणसं मेली आहेत. आधीच उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरलेल्या, मेथाडोन (हेरॉइनऐवजी देतात ते औषध) चालू असलेल्या माणसाला हा धोका आणखी मोठा. ईसीजी न काढता आयबोगेन देणाऱ्या जागेत पाऊल टाकू नका.

'बॅड ट्रिप' आली तर जवळच्यांनी काय करायचं?

हॉफमन यांचं अंथरूण आठवा. बहुतेक वेळा शरीर धोक्यात नसतं, भीती खरी असते, आणि भीतीच्या भरात माणूस जे करतो त्यात जीव जातो: गॅलरी, रस्ता, पाणी, गाडी. अळंबी घेऊन आलेला आपला सर्वांत वाईट अनुभव सांगा, असं १,९९३ जणांना एका सर्वेक्षणात विचारलं, तेव्हा ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेच्या धोक्यात घातल्याचं सांगितलं. दवाखाना गाठला फक्त २.७ टक्क्यांनी.

म्हणून पहिलं काम, त्याला एकटं सोडू नका आणि खिडकी-गच्ची-जिन्यापासून दूर बसवा. दिवे मंद, आवाज कमी, जवळ एक ओळखीचं माणूस पुरे. दहा जणांचा गराडा नको. "तू अमुक घेतलं आहेस, त्याचा हा अंमल आहे, काही तासांत उतरेल, मी इथेच आहे." हेच वाक्य पुन्हा पुन्हा, शांतपणे. त्याला दिसतंय ते खोटं आहे यावर वाद घालू नका. उतारा म्हणून दारू किंवा गांजा अजिबात देऊ नका. 'शांत व्हायला दोन दम मार' म्हणणारा मित्र प्रत्येक घोळक्यात असतोच, त्याला बाहेर पाठवा.

अंग तापलं, झटका आला, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, मरण्या-मारण्याची भाषा आली, की वाट न बघता रुग्णालयात.

याने वेड लागतं का?

सरसकट नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या सुमारे १,३०,००० प्रौढांच्या माहितीत सायकेडेलिक घेतलेले सुमारे २२,००० लोक होते. त्यांच्यात मानसिक आजारांचं प्रमाण जास्त आढळलं नाही. दुसरीकडे कॅनडातल्या ओंटारिओच्या नोंदींमध्ये, भासजनक पदार्थ घेऊन तातडीच्या विभागात पोचावं लागलेल्यांना पुढच्या तीन वर्षांत स्किझोफ्रेनिया गटातलं निदान होण्याची शक्यता, इतर कारणांचा हिशोब वजा करूनही, सामान्य लोकांच्या साडेतीन पट निघाली.

दोन्ही खरं असू शकतं. पहिल्या आकड्यात ज्यांचं निभावलं ते सगळे आहेत, दुसऱ्यात ज्यांना रुग्णालय गाठावं लागलं ते. पदार्थामुळे आजार झाला की होऊ घातलेला आजार पदार्थानं उघडा पाडला, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलर असेल तर मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, तुमच्यासाठी धोका वेगळाच आहे.

काहींना अंमल उतरल्यावरही दृष्टीत फरक राहतो: हलत्या वस्तूमागे शेपटी दिसणं, दिव्याभोवती कडं, भिंतीवर मुंग्यांसारखी सळसळ. याला एचपीपीडी म्हणतात. प्रमाण कमी, पण महिनोन्‌महिने टिकलेलंही आढळतं. गांजामुळे ते चाळवू शकतं.

कुठली औषधं चालू असताना धोका वाढतो?

लिथियम, सगळ्यांत आधी. लिथियमबरोबर सायकेडेलिक घेतल्याच्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या ६२ अनुभवांपैकी ४७ टक्क्यांमध्ये फिट आल्यासारखं झालं होतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या एसएसआरआय गोळ्या सहसा अंमल बोथट करतात. तो पुरेसा येईना म्हणून माणसं मात्रा वाढवतात, किंवा ट्रिपसाठी गोळ्याच परस्पर बंद करतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. आणि आयावास्कात एमएओ-रोधक, म्हणजे सेरोटोनिनचं विघटन रोखणारे पदार्थ, असतात. एसएसआरआयशी त्यांची गाठ पडली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. त्यात ताप, ताठरपणा, बेभानपणा येतो आणि जीवही जाऊ शकतो.

स्टॅम्पवर एलएसडीच असतं, याची खात्री काय?

काही नाही. 'एनबोम' नावाचे कृत्रिम पदार्थ अगदी तशाच चित्रांच्या कागदावर एलएसडी म्हणून विकले गेलेत, आणि त्यांनी माणसं दगावली आहेत. मश्रूमच्या चॉकलेटांची कथाही तीच. २०२४ साली अमेरिकेत अशा चॉकलेट-गमीमुळे शंभराहून जास्त लोक आजारी पडले. तपासात लाल टोपीच्या अळंबीतलं मस्किमॉल सापडलं. ते क्लासिक सायकेडेलिक नाहीच. रानातून स्वतः वेचणाऱ्यांचं तर नशीबच. 'डेथ कॅप' ही विषारी अळंबी खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत संपत आलेलं असतं.

मायक्रोडोसिंगनं, म्हणजे अंमल जाणवणार नाही इतक्या बारीक मात्रेनं, तरी मूड सुधारतो ना?

२०२१ साली १९१ जणांनी स्वतःच्याच मात्रा पाकिटांत मिसळून, आज खरी की खोटी ते न कळता, घेतल्या. मूड सुधारला. रिकाम्या कॅप्सूलवाल्यांचाही तेवढाच.

जिथे विधी म्हणून शतकानुशतकं घेतात, तिथे काही होत नाही. मग आपल्यालाच का भीती?

तिथे ते घेण्याला दिवस असतो, उपास असतो, जाणती व्यक्ती असते, आणि मुख्य म्हणजे कारण असतं. मेक्सिकोतल्या माझातेक लोकांमध्ये मारिया साबिना आजाऱ्यांसाठी रात्रीचा अळंबीविधी करायच्या. १९५७ साली एका अमेरिकन मासिकात त्यावर लेख आला आणि गावात बाहेरच्यांची रीघ लागली. आजार नाही, मागणं नाही, नुसता अनुभव हवा. पोलीस आले, गाव बिथरलं, त्यांचं घर जाळलं गेलं. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी ही बाजूही सांगायला हवी.

आता कायदेशीर होतंय म्हणतात?

१९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं क्लासिक सायकेडेलिक सर्वांत कडक यादीत टाकले आणि बहुतेक देशांत आजही बंदी आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) एमडीएमए देऊ शकतात. व्यसन त्या यादीत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२४मध्ये एमडीएमए उपचाराला परवानगी नाकारली. त्याच उपचाराच्या एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण बाईशी केलेल्या गैरवर्तनाचं चित्रीकरणही आधी बाहेर आलं होतं. आठ तास माणूस मनानं पूर्ण उघडा, दुसऱ्याच्या हातात असतो. खोलीत कोण बसलंय हा प्रश्न औषधाइतकाच मोठा.

मुलाकडे स्टॅम्प सापडला. काय करू?

त्याच रात्री, तो अंमलाखाली असताना, जाब विचारू नका. उतरल्यावर, बसून, विचारा: कितव्यांदा, कुणाबरोबर, आणखी काय घेतोस, आणि का घ्यावंसं वाटलं. पहिल्यांदाच आणि कुतूहलानं असेल तर तो व्यसनी झालेला नाही. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात डांबलं तर तो खोटं बोलायला तेवढं शिकतो. झोप उडाली असेल, स्वतःशीच बोलत असेल, कुणीतरी मागावर आहे असं म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच. व्यसन आहे की नाही हा विचार नंतर.

डॉक्टरांना खरं सांगावं का?

हो, आणि भूल द्यायची वेळ आली तर हमखास. काय घेतलं, किती वाजता, बरोबर काय होतं, रोजच्या गोळ्या कोणत्या. डॉक्टरांसमोर जीभ अडखळत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि ती चिठ्ठी सरळ त्यांच्या हातात द्या.